हिशेबाचा संगणक आणि ती दुसरी खूण

नयानगरहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. शोहरांचा कापडाचा घाऊक व्यवसाय, हिशेब त्या स्वतः पाहतात. दुकानात तीन संगणक. त्यातल्या एकावर सगळी बिलं साठवलेली, बाकीचे दोन त्यालाच जोडलेले. तिन्हींवर काम सुरू झालं की बिल निघायला वेळ लागतो, गिऱ्हाईक ताटकळतं. रमजानमध्ये तर विचारूच नका! भाचा म्हणतो, ‘खाला, डिस्कच्या सेटिंगमध्ये एक खूण केली की वेग वाढेल.’ करू का, असं त्यांनी विचारलं आहे.

आपा, आत्ता करू नका. कारण सांगतो.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्कच्या ‘पॉलिसीज’मध्ये गेलं की दोन चौकटी दिसतात. पहिली राइट कॅशिंगची. आतल्या डिस्कला ती बहुधा आधीच चालू असते, तिला हात लावू नका. भाचा म्हणतो ती दुसरी, बफर फ्लशिंग बंद करण्याची. बिल साठवताना मजकूर आधी डिस्कच्या तात्पुरत्या स्मृतीत जातो. मग संगणक हुकूम देतो, ‘आता पक्कं लिही.’ दुसरी खूण केली की हा हुकूमच जात नाही. मुनशीने चिठ्ठीवर टिपून घ्यावं आणि ‘वहीत चढवलं’ म्हणून सांगावं, तसं. चिठ्ठी वहीत चढण्याआधी वीज गेली की बिल गेलं. कधी एकच बिल जातं, कधी डेटाची अख्खी फाइल उघडेनाशी होते. 12 ऑक्टोबर 2020 आठवतो ना? सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाणे परिसराची वीज एकाएकी गेली, लोकलसुद्धा जागच्या जागी थांबल्या. तेव्हा आधी यूपीएस. घरचा इन्व्हर्टर त्याच्या जागी चालेलच असं नाही. वीज गेल्यावर तो सुरू होईपर्यंतच्या क्षणात संगणक बंद पडू शकतो. यूपीएसची यूएसबी वायर संगणकाला जोडून ठेवा, म्हणजे बॅटरी संपत आली की तो स्वतःहून नीट बंद होईल. आणि यूपीएस आला तरी ती दुसरी खूण करावी, असं माझं मत नाही.

मग वेग कसा वाढवायचा? आधी दुखणं कुठे आहे ते बघा. गर्दीच्या वेळी टास्क मॅनेजर उघडा. डिस्कपुढे सतत शंभर टक्क्यांच्या आसपास आकडा दिसला, तर अडचण तिथेच आहे. तिथे डिस्कचा प्रकारही लिहिलेला असतो. ‘एचडीडी’ असेल तर ती फिरणारी तबकडी. मिनिटाला 7200 फेरे, म्हणजे सेकंदाला 120. हवी ती जागा काट्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, सुमारे 4 मिलिसेकंद, आणि काटा सरकायचा वेळ वेगळा. अशा विखुरलेल्या नोंदी ती सेकंदाला शंभरही करू शकत नाही. तिघं एकदम मागायला लागली की रांग लागणारच, तिथे कुठलीच खूण कामाची नाही. एसएसडीत फिरणारं काही नसतं, ती हजारो नोंदी करते. खर्च करायचाच तर इथे करा.

बाकी किरकोळ. पॉवरच्या सेटिंगमध्ये ‘काही मिनिटांनी हार्ड डिस्क बंद’ असतं, ते ‘कधीच नाही’ करा. नाहीतर जोहरनंतरचं पहिलं बिल डिस्क जागी होईपर्यंत थांबतं. व्हायरसची पूर्ण तपासणी दुकान बंद झाल्यावरची ठेवा. डिस्क काठोकाठ भरू देऊ नका. जुनी फिरणारी डिस्क डिफ्रॅग केली तर फायदा होतो, एसएसडीला ते करायचं नसतं. भाच्याला लिनक्सचा नाद असेल तर तो ‘नोएटाइम’ सुचवेल. हरकत नाही, पण 2009 पासून लिनक्स मुळातच अशा नोंदी कमी करतं, फारसा फरक दिसणार नाही.

एका वेळी एकच बदल करा. आधी आणि नंतर तेच काम घड्याळ लावून मोजा, आणि दोन्ही वेळा मोजण्यापूर्वी संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. एकदा उघडलेली फाइल स्मृतीत राहते, म्हणून दुसऱ्यांदा ती पटकन उघडते. त्याचं श्रेय सेटिंगला देऊन दुकानदार खूश होतात!

दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिण्याची सोयही असते. एक डिस्क बिघडली तर ती कामाला येते, पण चुकून बिल पुसलं तर दोन्हीकडून पुसलं जातं. म्हणून वेगळी प्रत हवीच. बाहेरच्या डिस्कवर रोज रात्री काढा आणि घरी न्या, दुकानात ठेवू नका. उधारी लोकांची अमानत आहे. महिन्यातून एकदा ती डिस्क घरच्या संगणकाला लावा आणि गेल्या रमजानचा जकातीचा हिशेब त्यातून उघडतो का ते पाहा.