सेटलमेंट म्हणजे तडजोड नव्हे

कुंभकोणम् येथील दस्तनोंदणीत 'सेटलमेंट' हा शब्द सर्रास भेटतो. मराठी कानाला तो तडजोडीचा वाटतो. काहींना तर ते मृत्युपत्राचेच दुसरे नाव वाटते. तंजावर प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या घरांत बोली मराठी आणि दस्त तमिळ. तेथे हा गैरसमज फार महाग पडू शकतो.

१८९९ च्या मुद्रांक कायद्यातील कलम २(२४) नुसार सेटलमेंट म्हणजे मृत्युपत्र नसलेली लेखी व्यवस्था. ती विवाहानिमित्त, कुटुंबीयांत वाटपासाठी, आश्रितांच्या तरतुदीसाठी वा धर्मादाय हेतूने केलेली असते. घरातल्या घरात मोबदल्याविना केलेली अशी व्यवस्था परिणामी दानच ठरते; महाराष्ट्रात आपण त्यास बक्षीसपत्र म्हणतो. (बक्षीस म्हणजे स्पर्धेतला करंडक, एवढेच ठाऊक असलेल्या नव्या पिढीला हाही शब्द परकाच!) मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येते. दान मात्र नोंदले व स्वीकारले गेले की, केवळ मन पालटले म्हणून परत घेता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १२६ याबाबत पुरेसे कठोर आहे.

तमिळनाडूत कुटुंबांतर्गत सेटलमेंटला खरेदीखताच्या मानाने पुष्कळ कमी शुल्क पडते. परदेशस्थ मुलगा सुट्टीत येतो, शुल्क वाचते म्हणून दस्त होतो, आणि वृद्ध आईवडील स्वतःच्याच घरात कायद्याने पाहुणे होतात.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार आहे. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, प्रांताधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याचे न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. परंतु अट होती, हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे म्हटले. तरीही उतारवयात कज्जा लढण्यापेक्षा दोन वाक्ये दस्तातच असावीत, असे माझे स्पष्ट मत आहे: एक सांभाळाच्या अटीचे, दुसरे हयातीपर्यंत राहण्याच्या हक्काचे. ताबा स्वतःकडे राखूनही दान वैध ठरते, हे २०१४ मध्येच निर्णीत झाले आहे. 'मुलावर अविश्वास कसा दाखवायचा?' हा संकोच मला मुळीच पटत नाही.

नोंदणी अधिकारी सही कबूल आहे का, हे विचारतो. घर आजच, याच क्षणी दिले जात आहे, हे कळले का, हा प्रश्नही त्याने देणाऱ्याला समजेल त्या भाषेत विचारावयास हवा.