बलू आणि मोदक

भद्रावतीच्या वाचकांना अस्वलाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. ताडोबाचे अरण्य आपल्या उशाशी आहे. संगणकातही एक अस्वल नांदते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसेल. किपलिंगच्या जंगलकथेतील अस्वलाचे नाव धारण करणारा ‘बलू’ हा गुबगुबीत फॉन्ट मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या छोट्या गटाने नऊ भारतीय लिप्यांत घडविला. खरी गंमत नावांत आहे. गुजरातीत तो ‘बलू भाई’, बंगालीत ‘बलू दा’, गुरुमुखीत ‘बलू पाजी’, तर तमिळमध्ये ‘बलू तंबी’. देवनागरीत मात्र नुसताच ‘बलू’! ‘बलू दादा’ म्हणावयास काय हरकत होती?

याच मंडळींचा ‘मोदक’ त्याहूनही लठ्ठ. हाताने रेखाटलेल्या मोजक्या अक्षरांतून तो जन्मला. अक्षरांतील पोकळी इतकी भरत नेली, की तेथे केवळ बारीक फट उरली. आपल्या लिपीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद एवढ्याशा रेषेवर तोललेला असतो. फट चुकली की शब्दच बदलतो. ‘मुक्ता’सारखा शांत, वाचनसुलभ फॉन्ट घडविणाऱ्या हातांनाच ही थट्टा साधते.

वाढदिवसाची पत्रिका इंग्रजीत छापली, की अक्षरे बागडतात. मराठीत छापली, की परिपत्रकासारखी ताठ उभी राहतात. मग मुले इंग्रजीच मागतात, आणि आपण त्यांनाच बोल लावतो. हे तिन्ही फॉन्ट विनामूल्य उपलब्ध आहेत. पुढच्या वेळी छापखान्यात नाव घेऊन मागावेत.