वासोण्याच्या वाटेवर हरवणारे ग्राहक

सिल्वासाहून खानवेलकडे जाणाऱ्या रस्त्यावर वासोणा लागते. सुमारे २० हेक्टर क्षेत्रातील सिंह सफारीमुळे या गावाचे नाव दादरा व नगर हवेलीबाहेरही पोहोचले आहे. पुढे खानवेल, दुधनी आणि मधुबन धरणाचा जलाशय असल्यामुळे मुंबई किंवा सुरतेहून दोन दिवसांसाठी निघालेल्या कुटुंबाची सहल सहज आखली जाते. मात्र या कुटुंबाचा पैसा कोणाच्या हाती पडणार, हे ते वापी स्थानकावर उतरण्यापूर्वीच मोबाइलच्या पडद्यावर ठरून गेलेले असते. मुक्काम, वाहन, जेवण, वाटाड्या यांपैकी जे पडद्यावर विश्वासार्ह वाटत नाही, ते गावात कितीही चांगले असले तरी निवडले जात नाही.

गोमंतकीयांना ही परिस्थिती परकी नाही. दादरा व नगर हवेली १९५४ मध्ये पोर्तुगीज अमलातून मुक्त झाली, गोवा १९६१ मध्ये. गोव्याचे पर्यटन कितीतरी पटींनी मोठे असले, तरी सत्तरीत किंवा काणकोणात चार खोल्या भाड्याने देणाऱ्यापुढील प्रश्न वासोण्यातील व्यावसायिकाच्या प्रश्नाहून वेगळा नाही. ग्राहक आपला की मध्यस्थाचा, हा तो प्रश्न होय. २००० रुपयांच्या खोलीवर २० टक्के दलाली द्यावी लागते असे गृहीत धरले, तर दर रात्रीमागे ४०० रुपये गावाबाहेर जातात. शिवाय ग्राहकाचा संपर्कही मध्यस्थाच्याच वहीत राहतो.

या व्यवहारातील असमतोलाची दखल नियामकांनीही घेतली आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने १९ ऑक्टोबर २०२२ रोजी मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी, तर ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. हॉटेलांनी स्वतःच्या संकेतस्थळावर कमी दराने खोल्या विकू नयेत, अशा स्वरूपाच्या अटी करारांतून काढण्याचा आदेश मेकमायट्रिप-गोआयबिबोला देण्यात आला. युरोपीय संघात बुकिंग डॉट कॉमलाही २०२४ मध्ये डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे अशा अटी सोडाव्या लागल्या. थोडक्यात, स्वतःच्या दारातून विक्री करण्याच्या हक्काची बाजू बळकट होत आहे. परंतु ते दार नीट उघडत नसेल, तर हक्काचा उपयोग काय?

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. केवळ संकेतस्थळ उभारल्याने अनोळखी पर्यटक येत नाहीत. त्यांना आणतात ते नकाशावरील नोंद, जुन्या पाहुण्यांचे अभिप्राय आणि हेच मध्यस्थ. संकेतस्थळाचे काम त्यानंतर सुरू होते. नाव सापडलेल्या माणसाच्या मनातील शंका फेडून त्याला थेट संपर्कापर्यंत नेणे आणि एकदा येऊन गेलेल्याला दुसऱ्या वेळी मध्यस्थाविना परत आणणे, हे ते काम.

बहुतेक छोट्या व्यावसायिकांची पाने नेमकी येथेच अडखळतात. पहिल्या पडद्यावर सूर्यास्ताचे भव्य छायाचित्र आणि ‘आपले हार्दिक स्वागत’ असते. पाहुण्याला मात्र वेगळेच काही हवे असते. वापीहून यायला किती वेळ लागतो? सफारी कोणत्या दिवशी बंद असते? करांसह एकूण दर किती? खोलीत प्रत्यक्ष काय आहे? बेत रद्द झाला तर पैसे परत मिळतात का? आणि समोर बोलणारा माणूस कोण? ही उत्तरे पहिल्या दोन पडद्यांत मिळाली, तरच वाचणारा फोन करतो. व्यवसायाचा नोंदणी क्रमांक, मालकाचे नाव आणि खऱ्या खोलीचे छायाचित्र हे उसन्या चित्रांपेक्षा अधिक विश्वास देतात. जड छायाचित्रे तर नुकसानच करतात. मोबाइलवर पान उघडायला ३ सेकंदांपेक्षा अधिक वेळ लागल्यास ५३ टक्के भेटी तेथेच सोडून दिल्या जातात, असे गुगलने २०१६ मध्ये नोंदवले होते.

पुढची पायरी संपर्काची. दहा रकान्यांचा अर्ज भरायला लावण्यापेक्षा प्रत्येक पानावर एकच ठळक बटण, फोनचे किंवा व्हॉट्सॲपचे, आणि उत्तर कोणत्या वेळेत मिळेल याचा स्पष्ट उल्लेख अधिक उपयोगी पडतो. तारीख, माणसांची संख्या आणि फोन क्रमांक एवढ्या माहितीवर आरक्षणाची बोलणी सुरू होऊ शकतात. मात्र सायंकाळी आलेल्या विचारणेला दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर गेले, तर उत्तम रचनाही वाया जाते.

ग्राहक मिळवण्याच्या घाईत मोठ्या कंपन्यांच्या क्लृप्त्यांची नक्कल करण्याचा मोहही टाळावा लागेल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनांचे १३ प्रकार दिले आहेत. ‘एकच खोली शिल्लक’ अशी खोटी घाई, शेवटच्या टप्प्यावर वाढत जाणारा दर, न मागता जोडलेली सेवा हे त्यांपैकी काही. छोट्या गावात फसलेला पाहुणा एका व्यावसायिकाचेच नव्हे, तर गावाचे नाव खराब करून जातो.

भाषेचा मुद्दाही दुर्लक्षित राहतो. २०११ च्या जनगणनेनुसार दादरा व नगर हवेलीत निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. वारली, कोकणा, धोडिया समाजांतील तरुणांना जंगल आणि वाटा ठाऊक असतात, पण इंग्रजी पान त्यांना स्वतः बदलता येत नसेल, तर जुने दर तसेच राहतात आणि तंटे होतात. मराठी, गुजराती आणि हिंदीतील साधे, मालकाला स्वतः दुरुस्त करता येणारे पान महागड्या इंग्रजी सजावटीहून अधिक टिकाऊ ठरेल. देवनागरीतील ‘.भारत’ ही पत्त्याची सोय २०१४ पासून उपलब्ध आहे.

यशाची मोजदाद किती जणांनी पान पाहिले यावर करणे फसवे आहे. महिन्याला पान किती जणांनी उघडले, किती जणांनी विचारणा केली आणि किती जण आले, हे तीन आकडे वहीत लिहिले तरी गळती कोठे आहे ते कळते. उघडणारे पुष्कळ आणि विचारणारे थोडे असतील, तर दोष बहुधा पानात आहे. विचारणारे पुष्कळ आणि येणारे थोडे असतील, तर दरात किंवा उत्तर देण्याच्या पद्धतीत.

सरकारनेही आपला वाटा उचलायला हवा. पर्यटन खात्याच्या पानांवर स्थळांच्या वर्णनासोबत नोंदणीकृत स्थानिक निवास, वाहनचालक आणि वाटाडे यांचे थेट दुवे दिले, तर मोठा खर्च न करता त्यांना ग्राहक मिळू शकतील. वासोण्यात सिंह पाहायला येणारा पाहुणा प्रवेशिकेचे पैसे देऊन परत जातो की गावातल्या कोणाकडे मुक्कामाला राहतो, हे बऱ्याच अंशी अशा साध्या दुव्यांवर अवलंबून आहे.