मौलाना हसरत आणि एक शब्द

प्रजासत्ताक दिनाला आमच्या शाळेत संविधानाची उद्देशिका मोठ्याने वाचली जाते. यंदा वाचून झाल्यावर आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, समाजवादी ही तर पार्टी आहे ना?" मुलं हसली. आम्हीही हसलो, पण धड उत्तर देता आलं नाही. घरी येऊन पुस्तकं काढली.

26 नोव्हेंबर 1949 च्या उद्देशिकेत हा शब्द नव्हताच. तो 1976 साली, आणीबाणीत, 42व्या घटनादुरुस्तीने आला. मागणी मात्र जुनी. 15 नोव्हेंबर 1948 ला के. टी. शहा यांनी संविधान सभेत तशी सूचना मांडली होती. बाबासाहेबांनी ती मानली नाही. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे लोकांनी काळ पाहून ठरवावं, आणि मार्गदर्शक तत्त्वांत ती दिशा आहेच, असं त्यांचं म्हणणं.

पुढच्या वर्षी, 17 ऑक्टोबरला, उद्देशिकेवर बोलायला उठले मौलाना हसरत मोहानी. सोव्हिएत संघाच्या धर्तीवर भारत हा समाजवादी प्रजासत्ताकांचा संघ असावा, अशी त्यांची दुरुस्ती. ती फेटाळली गेली. उर्दूच्या तासाला त्यांच्या गझला आम्ही वर्षानुवर्षं शिकवतो. हे मात्र कधी सांगितलं नाही, याची लाज वाटली.

त्या मुलीची अम्मी मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जाते. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात आधी अनुच्छेद 39 सांगितला: देशाच्या साधनसंपत्तीची मालकी आणि ताबा सर्वांच्या हिताचा असावा. मग धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) सांगितलं. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती! एप्रिल 2011 मध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं, तेव्हा कुठे बांबूचा पैसा गावाचा झाला. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. मुलांना हे फार आवडलं.

"आम्हाला पण मिळेल, सर? आम्ही तर आदिवासी नाही."

कायद्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' आहेत, पण तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा वास दाखवावा लागतो. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा, असं आम्ही सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, दादाजींच्या नावाची जुनी पावती चालेल का?

पावती उद्या आणायला सांगितली आहे.