मूल कोणाचे? आधी त्याला विचार करू द्या, मग कोर्टाला

नवरा-बायकोचे पटेनासे झाले, प्रकरण कोर्टात गेले, की नातेवाईक पहिला प्रश्न करतात, ‘मूल कोणाकडे राहणार?’ मामा एक सांगतात, काका दुसरे. मुलाच्या प्रकृतीचा विचार मात्र शेवटी होतो. बालरोगतज्ज्ञ म्हणून माझे मत असे की, ताबा हा जिंकण्याचा विषय नाही, तो मुलाच्या आरोग्याचा विषय आहे.

अशा घरांतली मुले माझ्याकडे बहुधा पोटदुखीची तक्रार घेऊन येतात. तपासणीत काही सापडत नाही. सात-आठ वर्षांचे मूल पुन्हा अंथरुण ओले करू लागते, शाळेत जायला रडते. अशा वेळी नुसत्या टॉनिकने भागत नाही, घरातला ताण कमी करावा लागतो.

कायदाही मुलाकडेच पाहतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहते. पण सर्वांत वरचढ ठरते ते मुलाचे हित. मूल समजते झाले असेल, तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार न्यायाधीश त्याची इच्छाही विचारात घेऊ शकतात. ताबा एकाकडे गेला तरी दुसऱ्याचे नाते संपत नाही. भेटीचे दिवस आणि सुट्ट्या ठरवून मिळतात. परिस्थिती बदलली तर आदेश बदलून मागता येतो. आई-वडील दोघांचे प्रेम व सहवास हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे.

म्हणून पालकांना माझे सांगणे आहे. ‘तुला आई आवडते की बाबा?’ हा प्रश्न घरात कोणीही विचारू नये. ठरलेली भेट चुकवू नका, खर्चाच्या भांडणापायी ती अडवूही नका. मुलाबरोबर लसीकरणाचे कार्ड आणि चालू औषधे पाठवा. ‘तिकडे काय चालते?’ अशी हेरगिरी त्याच्याकडून करवून घेऊ नका. वर्गशिक्षकांना थोडी कल्पना द्या. मात्र मारहाण किंवा व्यसनाचा धोका असेल, तर गप्प न बसता वकिलामार्फत कोर्टाला सांगा; देखरेखीखाली भेट ठेवता येते.

नवरा-बायकोचे नाते कोर्टात संपू शकते. आई-बापाचे नाते तिथे संपत नाही, आणि ते संपवण्याचा प्रयत्न कोणी करूही नये.