आधी ओळखलं ते सिल्व्हियाने

इब्ने सफींच्या जासूसी कादंबऱ्या फाटेपर्यंत वाचलेल्या घरांना खुनाची गोष्ट नवी नाही. पण तिथे आपण जासूसाच्या बाजूने असतो. डोरोथी ह्यूजेस यांची १९४७ची अमेरिकन कादंबरी ‘इन अ लोनली प्लेस’ आपल्याला थेट खुन्याच्या मनात नेऊन बसवते. युद्धावरून परतलेला वैमानिक डिक्स स्टील लॉस एंजेलिसमध्ये बायकांचे गळे आवळतोय. त्याचा जुना मित्र ब्रब तिथेच पोलिसांत डिटेक्टिव्ह आहे. खून पानावर घडत नाहीत. दिसते ती डिक्सची घमेंड, मित्राचा हेवा आणि सतत स्वतःलाच बिचारा समजण्याची खोड. अंगावर काटा येतो तो त्यानेच.

ब्रब गाफील असतो, तेव्हा त्याची बीवी सिल्व्हिया मात्र डिक्सला बिचकून असते. आम्हाला कादंबरी इथे सर्वांत खरी वाटली. आपल्याकडेही एखादी मुलगी ‘तो माणूस मला बरा वाटत नाही’ म्हणाली, की ‘अगं, घरचाच आहे’ म्हणून तिला गप्प करतात. ह्यूजेस तिचं ऐकतात. १९५०च्या चित्रपटात नायक निर्दोष निघतो आणि सिल्व्हियाचा संशय खोटा ठरतो. चित्रपट चांगला, पण आम्हाला पुस्तकच पटलं. लहानांचं नव्हे हे. कॉलेजातल्या मुलीने आधी वाचावं, मग अम्मीला द्यावं.