क्लचची तार

या सदरांत आजवर शिवणाचें यंत्र, पाण्याचा पंप, भिंतीवरचें घड्याळ इत्यादि घरगुती यंत्रांचा परामर्श घेतला. मोटारसायकल मात्र राहून गेली. ती जिन्याखालीं किंवा अंगणांत उभी असते, म्हणून ती संसाराबाहेरची वस्तु आहे असें समजण्याचें कारण नाहीं. ज्या वाहनावर घरांतील मुलगा कामाला आणि मुलगी महाविद्यालयांत जाते, ज्याच्या मागल्या बैठकीवर बसून आपण स्वतः दवाखान्यांत जातों, त्याची थोडीशी ओळख करून घेणें हें गृहस्थाचें व गृहिणीचें कामच आहे. आज त्याच्या एकाच अवयवाविषयीं लिहावयाचें आहे. डाव्या मुठीपासून निघून इंजिनापर्यंत गेलेली ही क्लचची तार. हिला हल्लीं सर्वत्र क्लच केबल म्हणतात. तिची किंमत कांहींशें रुपयांच्या आंतबाहेर. एवढ्या स्वस्त वस्तूवर एक सबंध लेख कशाला, असें कोणी विचारील, म्हणून आधीं तिचें महत्त्व सांगतों.

चौकांत तांबडा दिवा लागला आहे. गाडी पहिल्या गिअरमध्यें असून चालविणाऱ्यानें क्लच दाबून धरला आहे. समोरून शाळेचीं मुलें रस्ता ओलांडीत आहेत. नेमकी त्या क्षणीं तार तुटली, तर गाडी आपोआप पुढें झेप घेते. बहुधा हात-दोन हात जाऊन इंजिन बंद पडतें. पण पुढें माणसें असतील, तर हात-दोन हात अंतर थोडें नव्हे.

असें कां होतें, हें समजण्यास यंत्रशास्त्राची पदवी नको. बोटें लिव्हर ओढतात, लिव्हर तार ओढते, आणि तारेच्या ओढीनें इंजिनाच्या कुशींतील एक लहानसा दांडा फिरतो. त्या दांड्याच्या रेट्यानें, स्प्रिंगांनीं आवळून धरलेल्या क्लच-प्लेटा एकमेकींपासून सुटतात. मग इंजिन फिरत राहिलें तरी त्याचें बळ चाकापर्यंत पोंचत नाहीं. ओढ सोडली कीं स्प्रिंगा प्लेटांना पुन्हा आवळतात. म्हणजे क्लच लागलेला असणें ही त्याची स्वाभाविक स्थिति होय. तो सुटलेला ठेवावयाचा, तर तार ताणलेली पाहिजे. आणि तार गेली कीं क्लच आपल्या मूळ स्वभावावर जातो. म्हणूनच सिग्नलपाशीं गाडी न्यूट्रलमध्यें घालून उभें राहावें, असें आम्ही घरांतील तरुणांना वारंवार सांगतों. ते हंसतात, पण सांगणें आम्ही सोडलेलें नाहीं.

तारेनें ओढण्याची युक्ति तशी जुनीच. आडावरचा रहाट दुसरें काय करतो? अडचण अशी कीं, ताणलेली दोरी सरळ रेषेंतच राहूं पाहते, आणि मोटारसायकलचें हँडल तर डावीउजवीकडे वळतें. वळणावळणाला कप्प्या बसविणें शक्य नव्हतें. यावर तोड काढली ती अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन या गृहस्थांनीं; त्यांचें पेटंट १८९६ सालचें आहे. रॅले सायकलींचा कारखाना काढणारे फ्रँक बाउडेन निराळे. आडनांवाच्या सारखेपणामुळें पुष्कळ लोक एकाचें श्रेय दुसऱ्यास देतात. बाउडेनची कल्पना अशी कीं, तार एका वांकणाऱ्या पण न आखडणाऱ्या नळींतून न्यावी. पोलादी तारेचीं वेटोळीं एकास एक चिकटून घातलीं म्हणजे अशी नळी होते. ती वाटेल तशी वळते, परंतु दाबली असतां लांबीनें कमी होत नाहीं. आंतली तार जितक्या जोरानें ओढली जाते, तितक्याच जोरानें बाहेरची नळी दाबली जाते. क्रिया व प्रतिक्रिया यांचा जो नियम आम्ही वर्गांत फळ्यावर लिहीत असूं, त्याचें याहून सुबक उदाहरण घरांत दुसरें सांपडणार नाहीं.

आंतली तार ही एकच जाड तार नसते. मधोमध एक, तिच्याभोवतीं सहा आणि त्यांच्याभोवतीं बारा, अशा एकोणीस बारीक तारा पिळून कित्येक केबली केलेल्या असतात. तारेच्या दोन्ही टोकांस धातूचा एकेक मणी घट्ट बसविलेला असतो, त्यास कारागीर निपल म्हणतात. लिव्हरकडचें निपल लहानशा पिंपासारखें असून तें लिव्हरच्या खोबणींत बसतें.

आतां मुख्य मुद्दा. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, तार ओढून ओढून तुटते. वस्तुतः ओढीला ती सहसा दाद देत नाहीं. ती तुटते वांकण्यानें. केसांतील आंकडा घेऊन तो एकाच जागीं वीस-पंचवीस वेळां इकडून तिकडे वांकवावा, म्हणजे धातु कसा थकतो हें कळेल. लिव्हर ओढली असतां ती एका खिळ्याभोवतीं फिरते. तिच्याबरोबर निपलानेंहि आपल्या खोबणींत किंचित् फिरलें पाहिजे, म्हणजे तार सरळ राहते. परंतु खोबण कोरडी पडली, तींत धूळ व गंज सांचला, कीं निपल फिरेनासें होतें. मग लिव्हरच्या प्रत्येक ओढीला तार निपलाच्या गळ्यापाशीं, नेमकी त्याच एका जागीं, वांकते. शहरांतील रहदारींत जातांयेतां मिळून तीनशें वेळां क्लच दाबला असें धरलें, तर वर्षाच्या तीनशें दिवसांत नव्वद हजार वेळां ती त्याच जागीं वांकली. मग एकोणिसांतील पहिली तार तुटते, कांहीं दिवसांनीं दुसरी. उरलेल्यांवर भार वाढत जातो आणि शेवटच्या चार-पांच एकदमच जातात. यावरून उपायहि उघड आहे. तेलाची सर्वांत अधिक गरज असते ती त्या पाव इंचाच्या खोबणीला. तेथें महिन्याकांठीं शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब किंवा ग्रीसचें बोट, आणि लिव्हरच्या खिळ्यालाहि तितकेंच. पावसाळ्यांत पंधरवड्यानें द्यावें. आमच्या मतें केबलीची निम्मी निगा एवढ्यांतच आली.

तार न सांगतां तुटत नाहीं. लिव्हर पूर्वीपेक्षां जड लागणें, सोडल्यावर ती आळसानें मागें येणें, ओढतांना करकर जाणवणें, आणि मोकळी चाल एकदां नीट करूनहि दोन दिवसांत पुन्हा वाढणें, हीं तिचीं सांगण्याचीं चिन्हें होत. यांतील शेवटचें चिन्ह विशेष ध्यानांत ठेवावें. आंतले धागे एकामागून एक तुटत असल्याचें तें लक्षण असूं शकतें. रविवारीं गाडी धुतांना रबराची टोपी मागें सारून निपलाचा गळा उजेडांत पाहावा. तेथें एक जरी बारीक तार मिशीसारखी बाहेर आलेली दिसली, तरी केबल बदलावी. अजून महिनाभर चालेल असें कोणी कारागीर म्हणाला, तर त्याला नम्रपणें नाहीं म्हणावें.

केबलीच्या अंतर्भागास तेल द्यावें कीं नाहीं, याविषयीं मतभेद आहेत. जुन्या केबलींना तें अवश्य लागे. वरचें टोक सोडवून त्याला कागदाचा शंकु घट्ट बांधावा, त्यांत पातळ तेल ओतावें आणि खालच्या टोकांतून थेंब येईपर्यंत रात्रभर टांगून ठेवावें, ही रीत सोपी व खात्रीची. हल्लींच्या पुष्कळ केबलींत नळीच्या आंत प्लास्टिकचें गुळगुळीत अस्तर असतें व कित्येक कारखानदार तेल घालूं नये असें सांगतात. तेथें गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका प्रमाण मानावी. घट्ट ग्रीस नळींत भरूं नये, आणि घासलेटानें धुण्याचा मोह तर टाळावाच. घासलेट मळ नेतें तसें असलेलें वंगणहि नेतें.

मोकळी चाल म्हणजे काय, हें वर सांगावयाचें राहिलें. लिव्हर ओढूं लागल्यावर प्रथम थोडें अंतर ती रिकामी जाते, आणि मग ताण लागतो. या रिकाम्या अंतरास कारागीर प्ले म्हणतात. पुष्कळ गाड्यांत तो लिव्हरच्या टोकाशीं १० ते २० मिलिमीटर असावा असें सांगितलेलें असतें; आपल्या गाडीचा नेमका आंकडा पुस्तिकेंत पाहावा. तो फार झाला तर क्लच पुरता सुटत नाहीं, गिअर कुरकुरतात, न्यूट्रल सांपडत नाहीं. मुळींच नसला, तर उलट संकट: तार सदा थोडी ताणलेली राहते, प्लेटा पुरत्या आवळल्या जात नाहींत, घसरतात, आणि तापून जळतात. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांची गाडी चढावर ओढीना. एका कारागिरानें प्लेटा बदलून हजारों रुपये घेतले. चार महिन्यांत पुन्हा तेंच. दुसऱ्याकडे नेली, तेव्हां त्यानें लिव्हर हलवून पाहिली, तों प्ले शून्य! पहिल्यानें नव्या प्लेटा घालूनहि तार तशीच ताणलेली ठेविली होती. येथें एक गंमत सांगण्याजोगी आहे. केबल ताणली गेली म्हणजे प्ले वाढतो. प्लेटा झिजल्या म्हणजे तो घटतो. त्यामुळें प्ले स्वतः मोजल्यावांचून कशाचेंच अनुमान करूं नये.

प्ले कमीअधिक करण्यास लिव्हरपाशीं एक पोकळ स्क्रू असतो. त्यावरचें कडें सैल करून स्क्रू बाहेर काढला कीं प्ले कमी होतो, आंत घेतला कीं वाढतो. इंजिनाकडेहि दुहेरी नटांची अशीच सोय पुष्कळदां असते. मोठा फरक तेथें करावा, बारीक फरक वर. हात टेंकलेला असतांना व हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून असा दोन्ही रीतींनीं प्ले तपासावा. हँडल वळवितांच तो नाहींसा होत असेल, तर केबलीचा मार्ग चुकला आहे.

केबल बदलणें हें घरीं करण्याजोगें काम आहे. त्याच गाडीच्या त्याच प्रकारासाठीं असलेली केबल आणावी, आणि जुनीशेजारीं धरून लांबी व निपलें ताडून पाहावीं. वरचा पोकळ स्क्रू पुरता आंत घ्यावा. त्याला, कड्याला व लिव्हरच्या बैठकीला एकेक उभी चीर असते. तिन्ही चिरा एका रेषेंत आणल्या कीं तार त्यांतून अलगद निघते. खालचे नट सैल करून तें टोकहि सोडवावें. मात्र जुनी केबल लागलीच ओढून काढूं नये. तिच्या एका टोकास मजबूत दोरा बांधावा व दुसऱ्या टोकाकडून ती ओढावी. दोरा तिच्या मार्गांत राहतो. त्याच दोऱ्याला नवी बांधून परत ओढली, म्हणजे ती टाकीखालून, चौकटीच्या कड्यांतून, पूर्वीच्याच वाटेनें येते. कारखान्यानें ती वाट विचारपूर्वक आंखलेली असते. इंजिनाच्या तापट भागाला केबल टेंकूं न देणें व कोठेंहि काटकोन न होऊं देणें, हा तींतील हेतु. निपल खोबणींत बसविण्यापूर्वीं ग्रीस लावण्यास विसरूं नये.

जुन्या काळीं हौशी लोक निपलहि घरीं बसवीत. तारेचें टोक पितळी निपलांतून काढून त्याचे धागे फुलासारखे उमलवावयाचे आणि वर कथलाचा डाख द्यावयाचा. काम नाजूक, डाख नीट मुरला नाहीं तर निपल सुटून येई. १९७२ सालापासून बजाजची जी चेतक स्कूटर मध्यमवर्गीयांच्या दारोदार दिसूं लागली, तिच्यांत क्लचच्या तारेचें इंजिनाकडचें टोक निपलाऐवजीं स्क्रूच्या चिमट्यांत धरलेलें असे. त्यामुळें तार आंखूड करून पुन्हा आवळणें सोपें जाई. २०२० सालीं त्याच नांवानें जी विजेची स्कूटर निघाली, तिला क्लचच नाहीं, तेव्हां तारेचा प्रश्नच मिटला. स्क्रूनें आवळण्याचीं सुटीं निपलेंहि मिळतात. घरापर्यंत पोंचण्यापुरतीं तीं ठीक. कायमची दुरुस्ती म्हणून नकोत, आणि ब्रेकच्या तारेला तर कधींच नकोत.

वाटेंत तार तुटलीच, तर प्रथम ॲक्सिलरेटर सोडावा, ब्रेक लावावा आणि इंजिन बंद करण्याचें बटण दाबावें. गाडी झटका देऊन थांबेल, म्हणून हँडल घट्ट धरावें. क्लचविना गाडी चालवितां येते, हें खरें. न्यूट्रलमध्यें इंजिन चालू करून, गाडी ढकलून चालण्याच्या वेगावर आणून पहिला गिअर टाकतात, आणि पुढचे गिअर ॲक्सिलरेटर किंचित् सोडून बदलतात. मोकळ्या सपाट रस्त्यावर, एकट्यानें, हें जमेल. शहरांत, घाटांत किंवा मागें कोणी बसलें असतां करूं नये. त्याऐवजीं लांबच्या प्रवासाला निघणारे तरुण जें करतात तें पसंत पडण्याजोगें आहे. लडाखला जाणारे कित्येकजण दुसरी केबल पहिलीच्या अंगानेंच नेऊन चिकटपट्टीनें बांधून ठेवतात. पहिली तुटली कीं फक्त दोन टोकें बदलावयाचीं. गणपतीला कोंकणांत उतरणाऱ्यांनींहि तसें करण्यास हरकत नाहीं.

नवी केबल बसविल्यावर पहिल्या दोनतीनशें किलोमीटरांत नळी व टोकें आपापल्या जागीं बसतात आणि प्ले थोडा वाढतो. तो एकदां पुन्हा नीट करून घ्यावा. जुनी केबल धागा न तुटतां केवळ जड झाली म्हणून काढली असेल, तर ती पुसून, तेल देऊन, मोठें वेटोळें करून बैठकीखालीं ठेवावी. लहान वेटोळें केलें तर नळीला घडी पडते, आणि घडी पडलेली केबल पुन्हा उपयोगी पडत नाहीं.